रानातल्या बियांचीही ओळख करून द्यायला हवी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावणाच्या आगेमागे आपल्या नाशिक जिल्ह्यात रानभाज्यांचे दिवस येतात. जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, पेठ-सुरगाण्याकडच्या महिला करटुली, कुर्डू, टाकळा घेऊन शहरात येतात आणि वर्तमानपत्रे रंगीत छायाचित्रांसह त्या भाज्यांची माहिती छापतात. हे चांगलेच आहे, आणि त्यामुळे शहरातल्या कितीतरी घरांत या भाज्या पुन्हा शिजू लागल्या आहेत. मात्र रानातले खाणे पावसाळ्याबरोबर संपत नाही. बिब्बा, बेहडा हिवाळ्यात पिकतात, चारोळी ऐन उन्हाळ्यात पिकते, आणि त्या वेळी रानाकडे कोणाचे लक्ष नसते. रानातली बी बातमीत येते ती एकाच निमित्ताने : चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने अमुक इतक्या विद्यार्थ्यांना विषबाधा. ही बातमी मी आयुष्यभर वाचत आले आहे आणि एकदा ती माझ्याच शाळेत घडताना पाहिली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे बालपण पेठ तालुक्यात गेले आणि पुढे नोकरीही बहुतेक त्याच पट्ट्यातल्या प्राथमिक शाळांत झाली. साधारण वीस वर्षांपूर्वी एका लहान गावातल्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर तिसरीतली एक मुलगी ओकू लागली. अन्न बाधले असेल असे वाटून मी तिला पाणी देत होते, तोवर दुसरा मुलगा पोट धरून बसला, आणि अर्ध्या तासात सात मुले ओटीवर आडवी झाली. एकाच्या खिशात सहा बिया सापडल्या. काळपट, लांबट, भुईमुगाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, वरचे कवच सहज फुटणारे आणि आत पांढराशुभ्र गर. ‘‘बाई, शेंगदाण्यावाणी लागतं,’’ असे तो मला रडत रडत सांगत होता. मिळेल त्या जीपमधून मुलांना दवाखान्यात नेले, सलाइन लावले, दोन दिवसांनी सगळी सुखरूप घरी आली. त्या बिया आल्या होत्या शाळेच्याच कुंपणावरून. मी रोज त्या कुंपणाशेजारून जात होते, ते झाड मला पुरते ठाऊक होते, आणि तरीही वर्गात मी ते कधी दाखवले नव्हते. त्या दिवसाची ही बोच अजून गेलेली नाही.

चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड, जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात. तिच्या बीतून दिव्याचे तेल निघते. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकातच तिची लागवड करून पाहिली होती आणि पुढे जैवइंधनाची चर्चा सुरू झाली तेव्हा देशभर तिचे नाव झाले. लागवडीचा उत्साह ओसरला, कुंपणे मात्र राहिली. पान साधारण हाताच्या पंजासारखे, तीन ते पाच बोथट कोनांचे. फांदी मोडली की चीक येतो. फळ लिंबापेक्षा लहान, आधी हिरवे, मग पिवळे, शेवटी काळपट, आणि त्यात बहुधा तीन बिया. चव कडू नाही हीच या बीची खरी भीती आहे. विषारी वस्तू कडूच असणार हा मुलांचाच नव्हे, मोठ्यांचाही समज असतो. मुलाने अशी बी खाल्ल्याचे कळताच त्याला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नये, तडक दवाखाना गाठावा आणि उरलेली बी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो. देवळांच्या आवारातल्या पिवळ्या कण्हेरीबाबतही मुलांना बजावलेच पाहिजे. तिच्या बिट्ट्यांनी मुले खेळतात, पण त्यातला गर थेट हृदयावर परिणाम करतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

यावर सोपा उपाय म्हणून आपण मुलांना सांगून मोकळे होतो, की रानातले काहीच खायचे नाही. मला हा उपाय मान्य नाही. जी मुले रानातच राहतात त्यांना हे सांगून उपयोग नसतो, आणि ज्यांनी ते ऐकले त्यांच्या हातून शेकडो वर्षांची जाण एका पिढीत निसटते. बीची ओळख चवीने करायची नसते. झाड, साल, पान, फळाची घडण आणि हंगाम हे सगळे जुळले तरच ती बी तोंडात टाकायची, ही शिस्त माझ्या आजीने मला लावली. चंद्रज्योतीपासून मुलांना वाचवणारी शिस्त हीच आहे.

या शिस्तीची परीक्षा बिब्ब्याजवळ होते. चांगल्या कामात कोणी बिब्बा घातला असे आपण सहज बोलून जातो, पण प्रत्यक्ष झाड समोर उभे केले तर आज शहरात ते फार थोड्यांना ओळखता येईल. मध्यम उंचीचे हे पानझडीचे झाड. पान चांगले हातभर लांब, वीतभर रुंद, चिवट आणि टोकाला गोलसर. हिवाळ्यात त्याला जे फळ येते ते एकदा पाहिले की विसरत नाही, कारण देठाकडे पिवळे-नारिंगी मांसल बोंड असते आणि त्याच्या टोकाला हृदयाच्या आकाराची काळी, चकचकीत बी चिकटलेली असते. काजूची आठवण व्हावी असाच हा सगळा थाट आहे, आणि ते योग्यही आहे, कारण आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. पिकलेले बोंड भाजून किंवा सुकवून खातात. खरा धोका बीच्या कवचात असतो. हे कवच कापून पाहिले तर मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे दिसतात आणि त्यांत भरलेले दाट तेल हवा लागताच काळे पडते. परीट कपड्यांवर खुणा करीत ते याच तेलाने, चुन्याची जोड देऊन. ती खूण कितीही धुतली तरी निघत नसे. कातडीला ते लागले की एक-दोन दिवसांत फोड येतात.

मी नऊ वर्षांची असताना आजीची नजर चुकवून उंबऱ्यावर दगडाने एक बिब्बा फोडला. तेलाचा एक थेंब गालावर उडाला, तो मी हाताने पुसला आणि तोच हात डोळ्याला लागला. त्या दिवशी काहीच झाले नाही, म्हणून मी कोणाला बोललेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा डोळा उघडेना. गालावर, बोटांच्या बेचक्यांत पाण्याने भरलेले फोड आले होते. बिब्बा उतला, असे आजी म्हणाली आणि तिने खोबरे वाटून त्याचा लेप दिला. बरे व्हायला पंधरवडा लागला. आज कोणाला असे झाले तर साबण लावून भरपूर पाण्याने लगेच धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे, असेच मी सांगेन.

तीच आजी दर वर्षी बिबे फोडून गोडंबी, म्हणजे बीच्या आतला गर, काढत असे. वाळलेले बिबे ती घरापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायची, आणि आम्हा मुलांना धुराच्या वाटेत उभे राहू देत नसे, कारण त्या धुरानेही तोंड सुजते. हातांना तेल आणि राख चोपडून, बी चिमट्यात उभी धरून ती शिवणीवर नेमका एकच घाव घाली. आतला पांढरट गर दाभणाने उचलून राखेत चोळायचा, धुऊन वाळवायचा, मग तो तुपात तळून डिंकाच्या लाडवात जाई. बाळंतिणीसाठी आणि थंडीच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांसाठी हे लाडू होत. गोडंबीची चव काजू आणि बदाम यांच्या मधली, किंचित गोडसर. मी हे सविस्तर लिहिले ते वाचून कोणी घरी बिबे फोडायला बसावे म्हणून नव्हे. तसे कोणीही करू नये. रविवार कारंजाच्या परिसरात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात स्वच्छ गोडंबी मिळते, ती घ्यावी. ज्यांना काजू किंवा पिस्ता सोसत नाही त्यांनी मात्र गोडंबीपासून दूरच राहावे. ती विकत घेताना भावाची घासाघीस करू नये एवढी विनंती आहे, कारण कोणत्या तरी बाईच्या हाताची कातडी सोलवटल्यानंतरच ती मूठभर गोडंबी दुकानात पोचलेली असते.

चारोळी तुलनेने साधी. श्रीखंड, बासुंदी, मसाला दूध यांत आपण ती चिमूटभर घालतो आणि तेवढ्यापुरतीच ती आपल्याला माहीत असते. झाडाला रानात ‘चार’ म्हणतात. त्याची साल ओळखीला सर्वांत सोपी : गडद करड्या रंगाची, चौकोनी भेगांनी सुसरीच्या पाठीसारखी चिरलेली. पान जाड, लांबट, टोकाशी बोथट, आणि त्यावरच्या शिरा जवळजवळ सरळ व समांतर. थंडी सरताना पांढरट बारीक फुलांचे तुरे येतात. चैत्र-वैशाखात फळे पिकून काळी-जांभळी होतात. फळ जेमतेम करवंदाएवढे, गर पातळ पण गोड. आत टणक आठळी आणि आठळीत चारोळी. फळे रात्रभर भिजवायची, गोणपाटावर चोळून गर काढायचा, आठळ्या धुऊन खडखडीत वाळवायच्या आणि मग जात्यात हलक्या हाताने भरडायच्या. जाते जड फिरले तर दाण्याचा चुरा होतो, हलके फिरले तर आठळी तशीच बाहेर पडते. आजी जात्याच्या आवाजावरून हाताचा दाब बदलत असे. कडकड असा कोरडा आवाज यायला हवा, घरघर आली की ती थांबायची. मग सुपात पाखडून दाणे वेगळे. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते, त्यामुळे फोडलेली चारोळी लवकर खवट होते. आमच्याकडे ती आठळीतच साठवत आणि लागेल तेवढीच फोडत.

आज चारोळीचा भाव किलोला हजार रुपयांच्या पुढे गेला आहे आणि हाच भाव त्या झाडाच्या मुळावर आला आहे. दुसऱ्याने तोडण्याआधी आपण तोडावे या घाईत फळे हिरवी असतानाच ओरबाडली जातात, कधी फांद्याच छाटल्या जातात. अशा फळांतला दाणा बारीक, सुरकुतलेला निघतो, तोडणाऱ्याला पैसे कमी मिळतात, आणि पिकलेली बी जमिनीवर पडतच नसल्याने नवी रोपे उगवत नाहीत. तोडणाऱ्यांना दोष देऊन हे थांबणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आणि सामूहिक वनाच्या व्यवस्थापनावर तिथे राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. फळ काळे पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा तोडणीचा दिवस ग्रामसभेने ठरवला तर तो पाळला जाईल, कारण त्यात सगळ्यांचाच फायदा आहे.

बेहड्याविषयी एवढेच, की त्याची राखाडी मखमली फळे हिवाळ्यात झाडाखाली पडतात, त्यांची आठळी फोडून मुले आतला बदामासारखा गर खातात, आणि तो जास्त खाल्ला तर भोवळ येते असे जुनी माणसे बजावत आली आहेत. चार दाण्यांवर थांबावे.

आदिवासी विकास आयुक्तालय आणि आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय या दोन्ही गोष्टी आपल्याच शहरात आहेत, त्यामुळे ही मागणी नाशकातूनच व्हायला हवी असे मला वाटते. आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षातून एक तास या बियांसाठी ठेवावा, आणि तो पुस्तकातल्या चित्रावर न भागवता प्रत्यक्ष फांदी, सालीचा तुकडा आणि फळ हातात देऊन घ्यावा. बिब्बा मात्र बाटलीत बंद करून दाखवावा. गावातली एखादी जाणती आजी त्या तासाला बोलवावी आणि तिला तिचे मानधन द्यावे. शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत असेल तर ती काढून तिथे सागरगोटा किंवा निरगुडी लावता येईल. सागरगोट्याला काटे असतात, म्हणून लहान मुलांच्या शाळेला निरगुडी बरी. आणि रानभाजी महोत्सवासारखाच रानबियांचा एक दिवस चैत्राच्या शेवटी पेठला किंवा करंजाळीला भरवावा, जिथे पिकलेल्या फळाची चारोळी आणि हिरव्या फळाची चारोळी शेजारी ठेवून लोकांना दाखवता येईल.

आपल्या वृत्तपत्राकडे माझे मागणे लहान आहे. पावसाळ्यात रानभाज्यांना जशी जागा दिली जाते, तशी भाद्रपदात एक दिवस चंद्रज्योतीच्या पानाफळांच्या छायाचित्राला पहिल्या पानावर द्यावी. तेव्हा ती फळे हिरवी असतात, आणि मुलांच्या खिशात जायला अजून महिनाभर अवकाश असतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
नाशिक