एकही फाइल न उघडणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून घेत नाही. आभार मात्र जाहीरच मानणार, त्याला तुमची परवानगी विचारलेली नाही.

आईचे रिपोर्ट लॅबकडून मेलवर यायचे. नव्या डॉक्टरांनी जुने सगळे मागितले, मेल उघडले, तर अटॅचमेंटचं नाव जागेवर आणि क्लिक केलं की फाइलचा पत्ता नाही. कॉम्प्युटर 'हलका' करून देणाऱ्या गृहस्थांनी थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममधल्या अटॅचमेंट डिटॅच करून, म्हणजे मेलपासून वेगळ्या करून, एका फोल्डरमध्ये काढल्या होत्या आणि जाता जाता तो फोल्डरही साफ केला होता. विचारलं तर म्हणाले, "नाव दिसतंय ना? मग फाइल असणारच." दुसऱ्या एकांनी न बघताच निकाल दिला, "डिलीट म्हणजे डिलीट." वर या ज्ञानाचे पैसेही घेतले. मेल उतरवून घेतले की सर्व्हरवरून जायचे, त्यामुळे तिकडेही काही शिल्लक नव्हतं.

आणि मग तुमचा निरोप आला: "थंडरबर्ड आत्ताच्या आत्ता बंद करा. कॉम्पॅक्ट करू का विचारलं तर नाही म्हणा." का, ते नंतर कळलं. अटॅचमेंट डिटॅच केली की मेलची तेवढी फाइल वगळून नवी प्रत लिहिली जाते आणि मूळ मेलवर नुसती 'पुसला' अशी खूण होते. मजकूर तिथेच पडून असतो, फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत, म्हणजे खूण केलेले मेल खरोखर काढून टाकले जाईपर्यंत. म्हणजे ते महाशय हात झटकत होते तेव्हाही रिपोर्ट माझ्याच डिस्कवर होते! अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

पुढची खटपट तुम्ही मूळ फाइलला हात न लावता, कॉपी मागवून केलीत. ती मला धड कळलेलीही नाही. पण फायली परत आल्या तेव्हा सोबत जी ओळ होती, ती मी किती जणांना वाचून दाखवली असेल: "सगळ्या पीडीएफ आहेत. उघडलेल्या नाहीत. आईंचे रिपोर्ट आहेत, तुम्हीच बघा."

न उघडता पीडीएफ कशा ओळखल्या, हे मी विचारलंच. तुम्ही सांगितलंत की मेलमधून जाताना फाइलची बेस 64 नावाच्या पद्धतीने साधी अक्षरं होतात आणि पीडीएफ असेल तर ती 'जे-व्ही-बी-ई-आर'ने सुरू होतात. फोटो असता तर सुरुवात वेगळी दिसली असती. तेवढी अक्षरं पाहिलीत आणि थांबलात.

हे थांबणंच दुर्मीळ झालंय हो. कॉम्प्युटर दुरुस्तीला देणं म्हणजे घराच्या किल्ल्या देण्यासारखंच. कुणी कपाटं उघडली तरी आपल्याला कळणार नाही. तुम्हाला कुणी बघत नव्हतं, उघडून खात्री केली असती तरी मी वाईट मानलं नसतं. आईला हे सांगितलं तेव्हा तिने रिपोर्ट सापडले का, हे नंतर विचारलं. आधी म्हणाली, "कुणाचा गं मुलगा हा?"

मानधनाचं विचारलं तर म्हणालात, "आधी दोन ठिकाणी कॉपी ठेवा, मग बोलू."

ठेवल्या आहेत. आता बोला.