टर्बोला सगळ्यात शेवटी हात लावणाऱ्या मेस्त्रीकाकांना

आदरणीय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबतो, त्या हवेचा जादा दाब म्हणजे बूस्ट. तो कमी पडला की दोषाचा माग काढायची तुमची रीत तुम्ही हातचं न राखता आम्हाला दाखवलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की ‘पिकअप पडलाय, काळा धूर येतो’ म्हणत येणाऱ्या डिझेल गाडीला पुण्यात अजूनही सर्रास नवा टर्बो सांगितला जातो. दोष बऱ्याचदा हातभर व्हॅक्यूम पाइपचा असतो.

सगळ्यात आधी तुम्ही शिकवलेल्या ९५ च्या आकड्याबद्दल. चावी ऑन, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर मॅप सेन्सरचं (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे ९४-९५ किलोपास्कल दिसायला हवेत. मुंबईत १०१ च्या आसपास. पुण्यात ८५ किंवा १०५ दिसले तर आधी सेन्सर काढून बघायचा. टोकाला काजळी धरलेली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायचा, तारेने कोरायचा नाही. पुढचा हिशोबही याच आकड्यावर चालतो. चालत्या गाडीत मॅप १९५ आला की त्यातून ९५ वजा, म्हणजे बूस्ट १ बार. इसीयूने (इंजिनच्या कंप्युटरने) २२० मागितले तर मुंबईत टर्बोला हवा २.१८ पट दाबावी लागते, पुण्यात २.३२ पट. बरेच इसीयू उंचीप्रमाणे मागणी उतरवतात, तरी टर्बोवरचा भार वाढतोच. थोडी गळती असलेली गाडी मुंबईत निभावून नेते आणि घाट चढून इकडे आली की पी०२९९ (बूस्ट कमी असल्याचा कोड) टाकते, ती यामुळेच.

जागेवर रेस देऊन बूस्ट बघू नका, हे तुमचं वाक्य आता आमच्या गाळ्यात सगळ्यांना पाठ आहे. लोड नसेल तर टर्बोला फिरवायला एक्झॉस्ट पुरत नाही. तिसरा गिअर, १५०० आरपीएमपासून पूर्ण पेडल, ३५०० पर्यंत, आणि तेही चढाला. नवले पुलाकडून नवीन कात्रज बोगद्याकडे जाताना, रहदारी कमी असताना, हे नीट जमतं. स्कॅनर मात्र शेजारी बसलेल्याच्या हातात. (परतीच्या उतारावर काहीही करायचं नाही. एक तर तिथे लोड मिळत नाही, शिवाय तो उतार कसा आहे हे पुणेकरांना सांगायला नको.) मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारीशेजारी रेकॉर्ड करायचा. मिळालेला पहिल्यापासून शेवटपर्यंत खालीच राहिला तर गळती किंवा व्हॅक्यूम गेलेला. उशिरा चढून मग जुळला तर व्हीजीटीच्या (हलत्या पात्यांच्या टर्बोच्या) पात्या काजळीने जड झालेल्या, किंवा ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला. सुरुवातीला जुळून वरच्या आरपीएमला पडला तर एअर फिल्टर आणि तुंबलेला एक्झॉस्ट बघायचा.

गळतीसाठी टर्बोच्या आउटलेटला बूच, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटरवर १० ते १५ पीएसआय, आणि साबणाचं पाणी. बूच टर्बोच्या पुढे बसवायचा, एअर फिल्टरच्या बाजूला नाही. तिकडून हवा दिली तर ती ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या) पाइपमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात, शिरते आणि ऑइल सील उखडू शकतात. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज बहुतेक खालच्या अंगाला फाटतो, कारण तेलाची वाफ तिथे साचून रबर मऊ पडतं. इंजिन लोडखाली हललं की फट उघडते, गाडी उभी असताना मिटते. म्हणून तपासताना होज हाताने पिळून बघायचा. होजच्या सांध्यावर तेलकट धूळ चिकटून काळा पट्टा उमटला असेल तर आधी तिथेच पाणी मारायचं. आतल्या बाजूला तेलाचा पातळ थर मात्र असतोच, त्यावरून टर्बो गेला असं ठरवायचं नाही.

व्हॅक्यूमच्या बाबतीत तुम्ही सांगितलेला एक फरक फार कमी लोकांना माहीत आहे. डिझेलच्या व्हॅक्यूमवाल्या व्हीजीटीत पाइप फुटला की ॲक्च्युएटरचा (पात्या हलवणाऱ्या डबीचा) रॉड सैल पडून पात्या उघड्या राहतात आणि बूस्ट कमी मिळतो. साध्या टर्बोच्या वेस्टगेटला (जादा एक्झॉस्ट बाजूला सोडणाऱ्या झडपेला) दाबाने उघडणारा ॲक्च्युएटर असतो; त्याचा पाइप फुटला तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट उलट जास्त होतो. दोष तोच, लक्षण विरुद्ध. फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनात ७५ पीएसला साधा टर्बो आणि ९० पीएसला व्हीजीटी येतो, तेव्हा समोर कुठला आहे ते आधी बघायचं.

हातपंपाने ॲक्च्युएटरला २० इंच (पाऱ्याचे इंच) व्हॅक्यूम द्यायचा. मिनिटभर काटा खाली येता कामा नये, आणि रॉड न अडखळता पूर्ण चालला पाहिजे. काटा पडला तर डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, गेला. काटा टिकला पण रॉड अडखळला तर काजळी. दोन्ही ठीक असतील तर सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह), पाइप आणि व्हॅक्यूम पंप. आयडलला पंपापाशी २५ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम हवा. पुण्यात एकूण हवाच २८ इंचांची, हे गेज वाचताना ध्यानात ठेवायचं. कापडी वेष्टणाच्या पाइपला आत पडलेली चीर वरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा पंपावर लावून बघायचा. पार्किंगमधल्या उंदरांचे दातही याच पाइपवर पडतात. नाना पेठेतून मीटरवर नवा पाइप आणताना जुना तुकडा बरोबर न्यावा. आतला व्यास जरा जरी मोठा आला तरी तो नळीवर सैल बसतो आणि गळती कायम.

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच टर्बोचा इनलेट पाइप काढायचा. शाफ्ट आडवा किंचित हलतो, ते चालतं, कारण बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. पण पाती हाउसिंगला घासत असेल किंवा शाफ्ट आतबाहेर सरकत असेल तर टर्बो बदलायचाच. मग ऑइल फीडचा पाइप आणि त्याच्या बँजो बोल्टची (आतून पोकळ बोल्टची) जाळी साफ, वॉशर आणि गॅस्केट नवीन, इंटरकूलर आतून धुतलेला, टर्बोत आधी ताजं ऑइल ओतलेलं, आणि ऑइल प्रेशर येईपर्यंत इंजिन स्टार्ट न करता नुसतं क्रँक. जुना टर्बो तेलावाचून गेला असेल तर या पायऱ्या टाळल्यावर नवाही त्याच वाटेने जातो.

काका, तुमचं एक सांगणं ग्राहकांना पटवणं जड जातं: तपासणीचे पैसे वेगळे द्या. पार्ट बदलला की बिल सगळ्यांना समजतं, चार तास शोधून होजची एक क्लिप आवळली की समजत नाही. आता आम्ही दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, त्याच चढावरचा आलेख बिलासोबत देतो. त्यावर बोलणं खुंटतं.

तुमचे,
शेजारच्या गाळ्यातले सगळे