ताउल येथील सांत क्लिमेंत चर्चची न झालेली भेट आणि माहितीपुस्तिकेतील चुकीचा मजकूर याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत आम्ही उभयतांनी नुकतीच बार्सिलोना आणि पिरिनीज पर्वतभागाची सहल केली. या सहलीत स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील बोई खोऱ्यात, ताउल गावच्या सांत क्लिमेंत चर्चची भेट ठरलेली होती. ती झाली नाही, आणि तिच्याविषयी आपण जे छापले आहे तेही खरे नाही. टूर मॅनेजरकडे मी तेव्हाच तोंडी तक्रार केली होती. ‘चर्च बाहेरून पाहिले ना’ एवढ्यावर त्यांनी ती मिटवली, म्हणून हे लेखी पत्र पाठवत आहे.

आपल्या माहितीपुस्तिकेत त्या दिवसाखाली ‘चर्चला आतून भेट, बाराव्या शतकातील मूळ भित्तिचित्रे, प्रवेशशुल्क समाविष्ट’ असे शब्द आहेत आणि शेजारी अर्धे पान भरून ‘पँतोक्रातोर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येशूचे छायाचित्र आहे: गडद निळी पार्श्वभूमी, उंचावलेला उजवा हात आणि डाव्या हातातल्या उघड्या ग्रंथावर ‘मी जगाचा प्रकाश आहे’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. त्या चित्रातील रेषेची धिटाई मी मुलांना पुस्तकातून दाखवत आलो होतो, आणि इतर कंपन्यांच्या स्वस्त सहली सोडून आपली सहल निवडली ती केवळ या अर्ध्या पानामुळे.

ते मूळ चित्र त्या चर्चमध्ये नाही, आणि गेली शंभर वर्षे नाही. याच पर्वतभागातील सांता मारिया दे मुर चर्चची चित्रे विकली जाऊन अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयाकडे गेली, तेव्हा उरलेली तरी प्रांतात राहावीत म्हणून बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने बोई खोऱ्यातील व आसपासची चित्रे मिळवली. 1919 ते 1923 या काळात इटालियन कारागिरांनी चित्रांवर सरसाने कापड चिकटवले, ते वाळल्यावर रंगाच्या थरासकट भिंतीवरून सोलून काढले आणि बार्सिलोनाला नेले. पँतोक्रातोर आज तेथील मोंजुइक टेकडीवरील राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. चर्चमध्ये 2013 पासून प्रकाशाच्या साहाय्याने तेच चित्र मूळ जागी, अर्धगोल भिंतीवर उमटवून दाखवतात. म्हणजे हे काम नीट समजून घ्यायचे तर माणसाने दोन्ही ठिकाणी जायला हवे. ही माहिती कोठे लपलेली नाही. या मार्गाची सहल विकणाऱ्या कंपनीला ती असलीच पाहिजे.

प्रत्यक्षात आमच्या वाट्याला दोहोंपैकी एकही ठिकाण आले नाही. बार्सिलोनातील आमचा मोकळा दिवस सोमवारी ठेवलेला होता आणि सोमवारी ते संग्रहालय बंद असते. ताउलच्या दिवशी कार्यक्रमात नसलेल्या एका दुकानापाशी बस बराच वेळ थांबली. पुढचा डोंगरातला रस्ता सुंदर होता, याबद्दल माझी तक्रार नाही, पण गावात पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. दारावरच्या फलकावर चर्च पुन्हा चार वाजता उघडेल असे लिहिले होते. पुढच्या हॉटेलात वेळेवर पोहोचायचे आहे असे सांगून आम्हाला वीस मिनिटांत बसमध्ये परत बोलावण्यात आले.

त्या वीस मिनिटांत मी मनोऱ्याखाली उभा होतो. गावाच्या कडेला, गवताळ उतारावर ते चर्च आहे. चौकोनी, सडपातळ मनोरा सहा मजले वर जातो, खिडक्यांच्या मधोमध बारीक दगडी खांब आहेत, आणि वरच्या मजल्यांवर भिंतीलगत छोट्या आंधळ्या, म्हणजे आरपार न उघडणाऱ्या, कमानींची रांग फिरते. उत्तर इटलीतील लोंबार्दी भागातून आलेल्या गवंड्यांच्या शैलीची ती खूण. दगड लहान, ओबडधोबड, पण थर सरळ. 10 डिसेंबर 1123 रोजी या वास्तूचा अर्पणविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गावातील सांता मारिया चर्चचा. तेही तेथून चालत काही मिनिटांवर आहे, पण आपल्या टूर मॅनेजरना त्याचे नावही ठाऊक नव्हते. खोऱ्यातील अशी नऊ चर्चेस सन 2000 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि आपल्या कार्यक्रमात त्यांची किंमत रस्त्यावरच्या एका ‘फोटो स्टॉप’एवढी आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्यासारखी वयस्कर माणसे त्या खोऱ्यात पुन्हा जाण्याची शक्यता फारशी नसते.

माझी मागणी अशी आहे की, आम्हा दोघांचे न वापरलेले प्रवेशशुल्क आणि त्या दिवसाच्या खर्चाचा वाजवी भाग परत करावा. पुस्तिका व संकेतस्थळावरील ‘मूळ भित्तिचित्रे’ हे शब्द त्वरित काढून त्या चित्राखाली ते बार्सिलोनाच्या संग्रहालयातील असल्याचे छापावे. आणि पुढील तुकड्यांसाठी ताउलला पोहोचण्याची वेळ दुपारच्या सुट्टीपूर्वीची ठेवून संग्रहालयाची भेट सोमवार टाळून कार्यक्रमात घालावी. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण हीच पुस्तिका पाहून आजही कोणीतरी आगाऊ रक्कम भरत असेल.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पुस्तिकेच्या त्या पानाची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि चर्चच्या दारावरील फलकाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

कळावे,
आपला,
एक ग्राहक