ओंकारला, सांगलीहून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवताच गेलास. भडंगाची पिशवी टेबलावरच राहिली. आईला वाटतंय, गाडीच्या हप्त्यावरून आपलं वाजलं. मीही तिला तसंच वाटू दिलंय.

गच्चीवर मी तो शब्द वापरायला नको होता. चोवीस वर्षांच्या पोराच्या खिशात हात घालणंही बरं नव्हे. पण पँट धुवायला टाकायची म्हणून खिसे चाचपले, तर मला तो पेनड्राइव्हच वाटला. नाकाशी नेला तर आंब्याचा वास. पेनड्राइव्हला कुठला आलाय आंब्याचा वास! ई-सिगारेट निघाली ती.

"अण्णा, नुसती वाफ आहे ती," म्हणालास. मी गप्प बसलोही असतो. पण शनिवारी रात्रभर तू खोकत होतास. कोरडा, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत दाबलेला. तो खोकला माझ्या ओळखीचा आहे. तीस वर्षं यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. सौद्याला पोती फोडली की असा धुरळा उडायचा, की संध्याकाळी रुमाल पिवळा निघायचा. मलाही वाटायचं, धुळीचा आहे, सुट्टीत जाईल. गेला नाही. पण मी निदान पोटासाठी खोकलो. तू कशासाठी?

हे बघ, झालं माझं सुरू. खोकल्याचं पुन्हा काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

ताईला विचारलं. तुझं नाव घेतलं नाही, शेजारच्या पोराचं म्हणून सांगितलं. तिने ओळखलं असणार. ती म्हणाली, ती वाफ नव्हे, बारीक थेंबांचा फवारा असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वासाची रसायनं, सगळं तापल्या तारेवरून थेट छातीत. अथेन्सच्या संशोधकांनी २०१२ साली छापलंय, पाच मिनिटं ओढल्यावरच श्वासनळ्यांतला अडथळा वाढलेला यंत्रावर दिसला. पाच मिनिटं, ओंकार. आईचा चहा निवायलाही जास्त लागतात. नळ्यांना आतून सूज येते, घसा खवखवतो, खोकला लागतो. निकोटीनने छातीत धडधडतं ते वेगळंच. वीस वर्षांनी काय होईल ते सोड, हे आजचं.

अमेरिकेत २०१९ साली यानेच फुप्फुसं धरली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ रुग्ण मोजले, त्यांतले ६८ गेले. बरेचसे तुझ्याच वयाचे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काचा माल ओढला होता आणि त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं सापडलं. तुझ्यात ते नसेलही. पण आपल्याकडे २०१९ पासून ही वस्तू विकायलाच बंदी आहे. ऑगस्टमध्ये महापूर आला, सप्टेंबरमध्ये वटहुकूम निघाला. म्हणजे तुला मिळतो तो चोरटा माल. त्याच्या डबीवर लिहिलेलं खरं कोण धरणार? रंग मारलेलं हळकुंड मी हातात घेतल्याबरोबर ओळखायचो. तू कशावरून ओळखतोस?

तुला आठवतं का, सरकारी घाटावर तू बुडी मारायचास आणि मी पायरीवर बसून आकडे मोजायचो? आठवीत होतास तेव्हा एकदा ७१ पर्यंत गेलास. साठाच्या पुढे मी चपला काढल्या, उडी मारायला. मला पोहता येत नाही हे तेव्हा ध्यानातच आलं नाही. तू नावेच्या पलीकडे वर आलास, हसत. मी तुला एक थोबाडीत दिली आणि मग घरी येईपर्यंत भेटेल त्याला एकाहत्तर, एकाहत्तर सांगत सुटलो. तात्यांना तर दोनदा सांगितलं.

परवा तू बॅग घेऊन जिना चढलास आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलास. फोन बघतोय असं दाखवलंस. फोनचा पडदा काळा होता.

शपथबिपथ नको. मिरजेला ती नळीत फुंकायची तपासणी असते, मी दरवर्षी करतो. पुढच्या वेळी आलास की दोघं जाऊ. तुझा आकडा माझ्यापेक्षा चांगला आला तर मी काही बोलणार नाही. बोललोच तर थोडं बोलेन.

भडंग कुरियरने पाठवलंय. ती वस्तू पाठवलेली नाही. आईने विचारलं तेव्हा मी पेनड्राइव्ह म्हणून सांगितलं. तिने तो कपाटात, तुझ्या पोहण्याच्या पदकांच्या डब्यात जपून ठेवलाय. म्हणते, पोराचं कामाचं काहीतरी असेल त्यात, फोन करून विचारा.

तुझे,
अण्णा