मार्क कापले, पण चुकीच्या ओळीचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कोडिंग शिकणाऱ्या मुलांवर लेख आला होता तो वाचला. बाकी ठीकच होता, पण "हल्लीच्या पोरांना सगळे शॉर्टकट हवेत" असं एक वाक्य त्यात आहे ना, त्याच्यावरून लिहायला बसलो, कारण महिन्याभरापूर्वी हेच वाक्य आमच्या भाच्याला एका प्रॅक्टिकलला ऐकावं लागलंय. पोरगा डिप्लोमाला आहे, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा पेपर होता, त्याने डेटाक्लास (क्लास थोडक्यात लिहायची पायथनचीच सोय) वापरून क्लास, म्हणजे माहितीचा साचा, लिहिला, आउटपुट बरोबर आलं, तरी बाहेरून आलेल्या सरांनी "कन्स्ट्रक्टर कुठाय?" म्हणून दहातले चार मार्क उडवले. हाताने कन्स्ट्रक्टर लिहा असं प्रश्नात कुठेच नव्हतं. मी स्वतः बारा वर्षं प्रोग्रॅमिंगवरच पोट भरतोय, म्हणून जरा जास्तच लागलं.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांना थोडक्यात सांगतो. भाच्याने दूध डेअरीच्या खातेदाराचा क्लास केला होता, त्यात नंबर, नाव, गाव, जनावर गाय की म्हैस, आणि दर. जुन्या पद्धतीने डंडर इनिट, म्हणजेच सरांना हवा होता तो कन्स्ट्रक्टर (नवा खातेदार तयार होताना त्याची माहिती भरणारं फंक्शन), लिहायचं, त्याच्या कंसात ही पाच नावं टाकायची, मग खाली सेल्फ डॉट नंबर बरोबर नंबर, सेल्फ डॉट नाव बरोबर नाव, असं दराच्या ओळीपर्यंत उतरत यायचं. म्हणजे पाच नावं पंधरा वेळा. एवढं करून खातेदार प्रिंट केला तर स्क्रीनवर नाव-गाव येतच नाही, मेमरीचा कसला तरी पत्ता येतो, म्हणून आणखी एक फंक्शन लिहा, आणि दोन खातेदार सारखे आहेत का बघायचं तर त्याच्यासाठी अजून एक. डेटाक्लासमध्ये वर एक डेकोरेटर (@ ने सुरू होणारी एक ओळ) लावायचा, खाली पाच ओळीत नाव, कोलन, टाइप (म्हणजे आकडा की अक्षरं ते). बाकीचं पायथन स्वतः तयार करतं.

आणि हा काही पोरांनी काढलेला पळवाटेचा धंदा नाही हो. 2018 साली पायथन 3.7 मध्ये हे अधिकृतपणे भाषेसोबत आलं, एरिक स्मिथ यांच्या प्रस्तावावरून, आणि त्याच्याही आधी अ‍ॅटर्स नावाची लायब्ररी लोक वापरतच होते. पीएचपी या दुसऱ्या भाषेने 2020 मध्ये 8.0 काढलं तेव्हापासून कन्स्ट्रक्टरच्या कंसातच पब्लिक किंवा प्रायव्हेट लिहिलं की काम झालं. जावा, म्हणजे ज्याच्या गेटर-सेटरनी (माहिती वाचायची-बदलायची छोटी फंक्शनं) आमच्या पिढीच्या जर्नलची पानंच्या पानं खाल्ली त्या जावानेसुद्धा 2021 मध्ये 16 नंबरच्या आवृत्तीत रेकॉर्ड पक्कं केलं, एका ओळीत अख्खा क्लास (बदल न होणाऱ्या डेटासाठी, पण तरी). रुबीवाले तर आधीपासूनच अ‍ॅट्रिब्यूटची नावं एका ओळीत सांगून मोकळे होतात. भाषा बनवणाऱ्यांनी दिलेली सोय वापरली तर तो कामचुकारपणा कसा?

आता दुसरी बाजू, ती भाच्याला आवडणार नाही. भांडायचंच म्हणून मी त्याचा कोड मागवून घेतला आणि वाचता वाचता माझाच आवाज खाली आला. रोजच्या दुधासाठी त्याने शेवटी "नोंदी बरोबर रिकामी लिस्ट" अशी ओळ टाकली होती, आणि तिथे टाइप लिहायचा राहिला होता. टाइप नाही म्हटल्यावर डेटाक्लास त्या ओळीला फील्ड (प्रत्येक खातेदाराची स्वतःची माहिती) धरतच नाही, ती लिस्ट क्लासचीच राहते, सगळ्या खातेदारांत मिळून एकच. परीक्षेत एकच खातेदार होता म्हणून आउटपुट बरोबर. मी दुसरा खातेदार तयार केला, पहिल्याच्या नावावर सहा लिटर टाकलं, तर ते दुसऱ्याच्याही खात्यात दिसायला लागलं! डेअरीत असं झालं असतं तर बिलाच्या दिवशी काठ्या निघाल्या असत्या. गंमत म्हणजे टाइप लिहिला असता तर पायथनने क्लास बनतानाच एरर देऊन डिफॉल्ट फॅक्टरी (दर खातेदाराला नवी लिस्ट बनवून देणारी सोय) वापर म्हणून सांगितलंही असतं.

म्हणजे सरांनी मार्क कापले ते भलत्याच ठिकाणी, खरी चूक त्यांच्या नजरेतून सुटली. आणि लांबलचक लिहिलं की चूक होत नाही असंही काही नाही, इनिटच्या कंसात डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली की हाच घोटाळा तिथेही होतो, मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी करून बसलोय आणि दोन दिवस शोधत होतो.

आमचे अण्णा कोर्टात लघुलेखक होते. मिनिटाला शंभर शब्द घ्यायचे आणि दुपारी वही समोर ठेवून सगळं टाइप करायचे, त्या वहीतल्या रेघा आम्हाला कोंबडीच्या पायासारख्या दिसायच्या. पण तिथे परीक्षा घेताना कोणी "पूर्ण अक्षरात का नाही लिहिलंस" विचारत नव्हतं, उतरवलेलं परत नीट वाचून टाइप करता येतंय का ते बघायचे. प्रॅक्टिकलला तसंच करा की. पोराने डेटाक्लास लिहिला तर लिहू दे, ओरलला विचारा की बाबा यातून इनिट कसं तयार होतं ते कागदावर काढून दाखव, ही लिस्ट नक्की कोणाची, टाइप आकडा लिहून त्यात अक्षरं भरली तर पायथन अडवेल का (नाही अडवत, हे निम्म्या पोरांना माहीत नसतं). नाही सांगता आलं तर चार काय, सहा मार्क कापा. आणि हाताने लिहिलेला कन्स्ट्रक्टरच हवा असेल तर प्रश्नातच तसं छापा, एका ओळीचा तर प्रश्न आहे.

भाच्याचे चार मार्क काही परत येणार नाहीत, त्याची मागणीही नाही. त्याने ती ओळ दुरुस्त केली, आता गावातल्या डेअरीवाल्याला दाखवायला न्यायचं म्हणतोय. मी म्हटलं आधी निदान तीन खातेदार टाकून बघ, मग जा.

आपला,
पुरवणी शेवटच्या पानापासून वाचणारा एक वाचक, कराड