कोटेशनवर पूर्ण मॉडेल क्रमांक हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालांचे दिवस आले आणि दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘गेमिंग पीसी’च्या जाहिराती दिसू लागतात. त्यांतील मजकूर बहुधा एकाच साच्याचा असतो: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट. संगणक जुळवणीच्या कामाशी माझा जुना संबंध असल्यामुळे ओळखीतले पालक आणि विद्यार्थी असा कागद घेऊन सल्ला विचारायला येतात. मला त्यांना दरवेळी हेच सांगावे लागते की, यावरून यंत्र चांगले की वाईट हे ठरवताच येत नाही, कारण ज्यावर सगळे अवलंबून आहे तो मॉडेल क्रमांकच त्यात कोठे नाही.

२०१२ साली आलेला आय७-३७७० हाही आय-सेव्हनच आहे. त्याला ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) आणि ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे) आहेत. २०२२ साली आलेल्या आय३-१२१००एफ या स्वस्त प्रोसेसरलाही तेवढेच कोअर आणि तेवढेच थ्रेड आहेत, पण मधल्या पिढ्यांत प्रत्येक कोअरची ताकद इतकी वाढली आहे की गेममध्ये हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. ग्राफिक कार्डाच्या बाबतीत तर ‘४ जीबी’ या दोन शब्दांनी अधिकच गोंधळ होतो. २०१४ साली बाजारात आलेले जीटी ७३० हे कार्ड ४ जीबी मेमरीसह मिळते, परंतु त्यावरची चिप मुळातच इतकी दुबळी आहे की मेमरी कितीही जोडली तरी आजचे मोठे गेम त्यावर चालणार नाहीत. जुन्या कार्डांच्या बाजारात आरएक्स ५८० या नावाने विकले जाणारे प्रत्येक कार्डही एकसारखे नसते. मूळ कार्डात २३०४ स्ट्रीम प्रोसेसर, म्हणजे चित्राची गणिते करणारे छोटे घटक, आहेत, तर ‘२०४८एसपी’ अशी पुस्ती असलेल्या कार्डात नावाप्रमाणे २०४८ आहेत. कोटेशनवर ही पुस्ती हमखास गळते.

पहिलाच संगणक जुळवणाऱ्याने सुटे भाग निवडण्याआधी आपण कोणते गेम खेळणार हे प्रामाणिकपणे ठरवावे. केवळ व्हॅलोरंटसारखे हलके गेम खेळायचे असतील आणि हातात पैसे बेताचे असतील, तर ग्राफिक्स अंगभूत असलेला एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेऊन स्वतंत्र कार्ड पुढच्या वर्षावर ढकलणे हा कमीपणा नव्हे. मात्र अशा यंत्रात १६ जीबीची एकच पट्टी न घालता ८ जीबीच्या दोन पट्ट्या घालाव्यात. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरते, आणि दोन पट्ट्या असल्या की त्या वाटेची रुंदी दुप्पट होते. याउलट इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या शेवटी ‘एफ’ असतो त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतात, त्यामुळे कार्डाशिवाय मॉनिटरवर चित्रच उमटत नाही.

मॉनिटर वगळून साठ हजारांच्या आसपास खर्च करता येणार असेल आणि फुल एचडीवर खेळायचे असेल, तर सहा कोअरचा रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ पुरेसा आहे. अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा वाटा ग्राफिक कार्डाचा असावा, आणि ते ८ जीबीचे आरएक्स ६६०० किंवा १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० यांच्या तोडीचे तरी असावे. ‘भविष्यात वाढवता येईल’ म्हणून एएम५ सॉकेट (एएमडीचे नवे प्रोसेसर बसणारी मदरबोर्डवरची जागा) आणि त्याला लागणारी नव्या पिढीची डीडीआर५ रॅम घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तत्त्वतः तो चूक नाही. परंतु २०२५च्या अखेरीस एआयसाठीच्या डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरीचे भाव भडकले, आणि मायक्रॉनसारख्या कंपनीने त्या डिसेंबरात ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा बाजारात, भविष्यातल्या प्रोसेसरसाठी आज कार्डाच्या वाट्याचे पैसे रॅमवर घालवणे मला पटत नाही. ओळखीत एखाद्याकडे आधीच्या पिढीच्या डीडीआर४ रॅमच्या पट्ट्या पडून असतील, तर त्या चालवणाऱ्या जुन्या एएम४ सॉकेटची निवड अधिकच शहाणपणाची ठरते.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती एसएमपीएसची. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॅट असे ठळक छापलेले असते, पण पाहायचे असते ते बाजूच्या तक्त्यातल्या १२ व्होल्टच्या रकान्यात, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही मुख्यतः त्याच वाहिनीवर चालतात. तेथे ३६ अँपिअर लिहिले असेल तर १२ व्होल्टवर ४३२ वॅट मिळतात. १६ अँपिअर असतील तर २०० वॅटही मिळत नाहीत, मग वर काहीही छापलेले असो. वर सुचवलेले कार्ड आरएक्स ६६०० हे सुमारे १३२ वॅटचे आणि रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटचा, म्हणजे नामांकित कंपनीचा खरा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस निर्धास्त पुरतो. साडेसातशे वॅटची गरज नाही. कार्डासाठीची ८ पिनांची वायर एसएमपीएसमधूनच निघायला हवी. जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीला अडॅप्टर लावून कोणी ती तयार करून देत असेल, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. एसएमपीएसवरचा ‘८० प्लस’चा शिक्का विजेचा अपव्यय किती होतो तेवढेच सांगतो, अतिभारापासूनच्या संरक्षणाची हमी देत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगच नसते आणि मग कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. त्याचा दोष यंत्राला न देता आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि ‘बिल नको असेल तर तेवढे कमी करतो’ हे वाक्य काउंटरवर ऐकू येतेच. बिल नसेल तर वॉरंटीचा दावा दुकानदाराच्या मर्जीवर राहतो. शिवाय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर एकाच कार्डाचे चार दुकानांत चार भाव विचारता येतात, तसे तालुक्याच्या गावी शक्य नसते, हे खरे. तरीही गावातला दुकानदार थोडा महाग पडला तरी बिघाडाच्या वेळी तोच उभा राहतो, म्हणून मॉनिटर, कॅबिनेट आणि यूपीएस मी स्थानिक दुकानातूनच घ्यायला सांगतो.

माझी मागणी साधी आहे. संगणक विक्रेत्यांनी प्रत्येक कोटेशनवर प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस यांचे पूर्ण मॉडेल क्रमांक, भाग नवा की वापरलेला आणि वॉरंटी किती व कोणाची, हे लिहावे, आणि त्यांच्या जिल्हा संघटनांनी हा नियम आपण होऊन लागू करावा. आपल्या दैनिकानेही संगणकाची किंमत छापणारी जाहिरात स्वीकारताना किमान प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांचा क्रमांक मागावा, ही विनंती. त्याला जाहिरातीतली एखादी ओळच जास्त लागेल.

आपला,
एक वाचक, सातारा