दहा कोंबड्या, दोन बकऱ्या

हॅमिल्टन, न्यूझीलंड
जानेवारीचा तिसरा आठवडा

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वावर मक्त्यानं दिलं आणि आता सांदवाडीत जनावरं पाळायची म्हणता, हे छान झालं. किती ठेवायची, असं विचारलं होतं. दहा कोंबड्या आणि दोन बकऱ्या. यंदा एवढंच. त्यावर गेलं की नुसती मोजदाद उरते, ओळख राहत नाही.

रोज सकाळी खुराडं उघडलं की पंधरा मिनिटं तिथंच बाज टाकून बसा. कोण आधी उडी मारते, कोण कोणाला टोचते, हे पाहण्यात वेळ कसा जातो कळत नाही, आणि तपासणीही तीच. आजारी कोंबडी दाण्यावर धावून येत नाही. पंख ढिले सोडून, मान आखडून कोपऱ्यात उभी राहते. विष्ठा हिरवी, पातळ दिसली तर त्याच दिवशी तिला वेगळ्या डाल्याखाली ठेवा. इथले गाईवाले आठवड्याला सगळं कुरण पायी फिरून गवताची उंची मोजतात. तुमचं धुऱ्यावरून फिरणं त्याच जातीचं.

खुराडं ४ फूट बाय ४ फूट पुरे, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच. आत दोन इंच जाड गोल दांडे दोन आडवे टाका, दर कोंबडीला ८-९ इंच जागा धरून. षटकोनी छिद्रांची स्वस्त जाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश लावा. इथं साप नाहीतच, म्हणून इथली खुराडी पाहून आपलं बांधायचं नाही. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक टोपलं, तळाशी कुटार. कुटार ओलं झालं की लगेच बदला, नाहीतर अंडी मळतात आणि पिसवा वाढतात.

खरी गोष्ट मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. माना पिळवटतात, दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. औषध नाही, फक्त लस. पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीची सुई. अडचण अशी, की कुपी निदान शंभर कोंबड्यांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोणी ती फोडत नाही, म्हणून गावात लस राहून जाते. आईला सांगा, आळीतल्या सगळ्या बायांना एकच सकाळ ठरवायला लावायची. कोंबड्या सोडायच्या आधी, पहाटे, खुराड्यातच धरून थेंब टाकायचे. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणायची. उन्हात गाडीच्या डिकीत आली तर टोचणारा टोचेल, पण उपयोग शून्य. आधीच आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्या धापेत कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि कवच पातळ येतं. शिंपल्यांची भरड वेगळ्या वाटीत ठेवा, तिला लागेल तेवढी ती खाईल. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या. पाणी मातीच्या परातीत, निंबाखाली, आणि दुपारी बाराला नक्की बदला. टिनावर तुराट्यांचा थर, त्यावर ओलं पोतं.

पिल्लं काढायची तर हाच महिना. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी, एक आठवड्याहून जुनी नकोत. बसवेपर्यंत टोकदार बाजू खाली करून गार जागी ठेवा. माठाखालच्या ओल्या वाळूवर नको, बुरशी लागते. सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या उजेडावर धरून पाहा. आत लाल शिरांचं जाळं आणि काळा ठिपका दिसला तर जीव आहे, नुसतं स्वच्छ दिसलं तर काढून टाका. आईला हे पहिल्यांदा दाखवाल तेव्हा ती दहाही अंडी पाहिल्याशिवाय उठणार नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लू स्वतः कवच फोडतं. घाईनं सोलायला जाऊ नका, रक्त येतं. एप्रिल-मेमध्ये बसवलं तर ठेवलेल्या अंड्यांतच गरमीनं अर्धवट वाढ सुरू होते आणि जीव मरतो.

बकऱ्या दोन यासाठी, की एकटी बकरी दिवसभर ओरडते आणि नीट खात नाही. आपल्याकडचीच बेरारी घ्या, उन्हाला टिकते. गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवस. पिल्लाला पहिल्या तासातच चीक पाजा. दोन किलोच्या पिल्लाला दिवसभरात २०० मिली, चार-पाच वेळा मिळून. मृगाचा पहिला हिरवा पाला धोक्याचा. सकाळी मूठ-दोन मूठ तुरीचं कुटार खाऊ घालून मगच सोडा, नाहीतर डावी कूस ढोलासारखी फुगते. फुगलीच तर ५०-६० मिली खायचं तेल हळूहळू पाजा, मान वर ताणू नका, फुप्फुसात जाईल. आणि डॉक्टरला बोलवा. ज्वारीचे कोवळे फुटवे कधीच नकोत, त्यांत सायनाइडचं विष तयार होतं. सुबाभूळ चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त झाली तर केस गळतात. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होण्याच्या रोगाची, लस पावसाळ्याआधी.

पाखरांसाठी वेगळं काही करू नका. उथळ थाळी, दोन इंच पाणी, मधे एक दगड, रोज धुतलेली. धुऱ्यावरची बोर आणि पळस तोडू नका. पळस फुलला की पळसमैना येतील, वर्षातला तोच तेवढा गोंगाट सहन करावा. कोतवाल खुराड्याजवळ घरटं करू दे, घारीला तो मागं लागून हाकलतो. घुबड, पिंगळा, धामण उंदरांमागे येतात, त्यांना मारू देऊ नका. पिल्लांचं दार मात्र दिवस बुडायच्या आत लावा.

पहिली कोंबडी खुडूक बसली की तारीख खुराड्याच्या पाटीवर कोळशानं लिहा. लस कोणत्या दिवशी, हे मी त्यावरून कळवतो.

आईला नमस्कार.

तुमचा
बाळू